उणे तिशीतही सुखाने राहता येईल असं घर: कॅनडाच्या प्रेअरीत घर बांधणाऱ्यांसाठी

१९७७ साली कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, रिजायना शहरात, एक प्रायोगिक घर उभं राहिलं. तेलटंचाईचा काळ होता. प्रांताच्या सरकारला इथल्या हवेत टिकेल असं सौरऊर्जेवरचं घर हवं होतं. हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी आकडेमोड केली आणि त्यांच्या लक्षात आलं की इथला हिवाळ्यातला सूर्य इतका खाली आणि इतका थोडा वेळ असतो, की आधी घरातली ऊब बाहेर पळू न देणं हेच खरं काम आहे. त्यांनी भिंती आर-४० च्या केल्या (आर-मूल्य म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, आकडा जितका मोठा तितकी ऊब कमी पळते), छत आर-६० चं केलं, घर जवळजवळ हवाबंद केलं आणि ताजी हवा आत घेताना बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता परत मिळवणारं यंत्र बसवलं. या घरात फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, नव्हती. छपरावरची सौर यंत्रणा महागडी आणि कटकटीची ठरली, पण भिंतींनी, छताने आणि हवाबंदपणाने आपलं काम चोख केलं. पुढे जर्मनीत अगदी कमी ऊर्जेत उबदार राहणाऱ्या घरांसाठी ‘पॅसिव्ह हाउस’ नावाचं मानक तयार झालं, त्याच्या मागे या घराची प्रेरणा होती.

प्रेअरीतल्या, म्हणजे कॅनडाच्या पश्चिमेकडच्या सपाट गवताळ प्रदेशातल्या, कॅल्गरी, एडमंटन, सस्काटून, विनिपेग या शहरांत आता मराठी कुटुंबं भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात जाऊ लागली आहेत. बिल्डरच्या शोरूममध्ये त्यांना ग्रॅनाइटचा ओटा, उंच छत आणि दिव्यांची रोषणाई दाखवली जाते. भिंतीच्या आत काय आहे हे कोणी दाखवत नाही आणि आपणही विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की पैसा आधी भिंतीत, छतात, खिडक्यांत आणि हवाबंदपणात घालावा. ओटा पाच वर्षांनी बदलता येतो. भिंत बदलायची तर घर उकलावं लागतं.

आधी हिशेब करा

थंड प्रदेशातलं घर आखताना पहिला कागद नकाशाचा नसतो, उष्णता कुठून जाते याच्या हिशेबाचा असतो. सूत्र सोपं आहे: क्षेत्रफळ गुणिले आतबाहेरच्या तापमानातला फरक, भागिले रोधकता. इथे रोधकता आर-मूल्यात सांगतात. मेट्रिकमध्ये हिशेब करायचा असेल तर आर-मूल्याला ५.६८ ने भागावं.

एक मध्यम घर घेऊ. बाहेरच्या भिंती १५० चौरस मीटर, खिडक्या २५ चौरस मीटर, आतलं घनफळ ५०० घनमीटर. आत २१ अंश, बाहेर उणे ३०, म्हणजे फरक ५१ अंशांचा. भिंत प्रत्यक्षात आर-१६ ची असेल तर तिच्यातून सुमारे २.७ किलोवॉट उष्णता जाते. खिडक्या जुन्या, साध्या दुहेरी काचेच्या असतील तर त्यांच्यातून जवळपास ३.४ किलोवॉट. म्हणजे भिंतीच्या एक षष्ठांश जागा व्यापणारी काच भिंतीपेक्षा जास्त उष्णता घालवते. आणि फटींतून दर तासाला घरातली तीस टक्के हवा बदलत असेल, जे जुन्या घरात सहज होतं, तर त्यात आणखी अडीच किलोवॉट. झाले ८.६ किलोवॉट, छत आणि तळघर वेगळं.

आता भिंत आर-४० ची करा, खिडक्या चांगल्या तिहेरी काचेच्या लावा आणि फटी बुजवा. भिंत १.१, खिडक्या १.३, गळती ०.४. एकूण २.८ किलोवॉट, म्हणजे आधीच्या एक तृतीयांश. हा हिशेब स्वतःच्या नकाशाचे आकडे घालून एकदा स्वतः करा. मग बिल्डरशी बोलताना कशावर अडून बसायचं आणि काय सोडून द्यायचं हे आपोआप कळतं.

बिल्डरला दोन गोष्टी नक्की विचारा. एक, घर राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या ऊर्जेच्या पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीचं आहे. दोन, घर किती ऊर्जा खातं हे सांगणारं सरकारी ‘एनरगाइड’ मूल्यांकन होणार का, आणि झालं तर त्याचा आकडा लेखी मिळणार का. मोघम उत्तर मिळालं तर घर संहितेच्या किमान अटीपुरतंच आहे असं धरून चाला.

प्लॉट, सूर्य आणि वास्तुशास्त्र

एडमंटन साडेत्रेपन्न अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर असतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. शिवाय इथे त्या दिवसांत तो पूर्वेला उगवतच नाही. आग्नेयेला वर येतो, दक्षिणेकडून सरकतो आणि साडेसात तासांच्या आत नैऋत्येला मावळतो. म्हणजे हिवाळ्यातलं सगळं ऊन घराच्या दक्षिण बाजूवर पडतं. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, फक्त ऊब जाते.

इथेच आपल्या लोकांची खरी अडचण होते. वास्तुशास्त्र सांगतं की दक्षिण आणि नैऋत्य बंद, जड ठेवा आणि उत्तर-ईशान्य मोकळी ठेवा. महाराष्ट्रात हे समजण्यासारखं आहे. तिथे दुपारनंतरचं ऊन घर भाजून काढतं, ते अडवणं शहाणपणाचंच. पण तोच नियम एडमंटनला लावला तर घर वर्षातले सहा महिने अंधारं आणि गार राहतं. ज्यांची वास्तुशास्त्रावर श्रद्धा आहे त्यांना मी ती सोडायला सांगत नाही. स्वयंपाकघर आग्नेयेला असावं हा नियम तर इथे फार चांगला जमतो, हिवाळ्यातलं पहिलं ऊन नेमकं तिथेच येतं. देवघर ईशान्येला ठेवा, त्याला मोठी खिडकी लागत नाही. पूर्वेचं दारही उत्तम, कारण प्रेअरीतला बोचरा वारा बहुतेक वायव्येकडून येतो. फक्त खिडक्यांच्या बाबतीत सूर्याचं ऐका: दक्षिणेला भरपूर, उत्तरेला हवा-उजेडापुरत्या लहान, पश्चिमेला बेताच्या.

पश्चिमेला बेताच्या का, तर जूनमध्ये एडमंटनचा सूर्य रात्री दहानंतर मावळतो. संध्याकाळचं तिरपं ऊन तासन्‌तास पश्चिमेच्या काचेतून आत येतं आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या झोपायच्या वेळी तापलेल्या असतात. दक्षिणेला हा त्रास कमी असतो, कारण जूनमध्ये दुपारचा सूर्य ६० अंशांवर असतो. खिडकीवर साठेक सेंटिमीटरचा सज्जा काढला की एक मीटर काच सावलीत जाते, आणि डिसेंबरचं ऊन त्या सज्जाखालून थेट आत शिरतं.

दक्षिणाभिमुख प्लॉट आपली मंडळी टाळतात. पण गाडीचा रस्ता आणि पायऱ्या दक्षिणेला असतील तर तिथला बर्फ उन्हाने लवकर मोकळा होतो. उत्तरेकडच्या पायऱ्यांवर एकदा बर्फ गोठला की तो मार्च-एप्रिलपर्यंत हलत नाही आणि घरात वयस्कर माणसं असली की रोजची धास्ती. प्लॉट निवडताना हे तोलून पाहा.

वायव्येला सदाहरित झाडं लावा, स्प्रूस किंवा पाइन. दक्षिणेला पानगळीची. सस्कॅचवानमधल्या इंडियन हेड इथल्या सरकारी रोपवाटिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रेअरीतल्या शेतकऱ्यांना वारा अडवणारी झाडं पुरवली. जुन्या शेतघरांभोवती ती झाडांची भिंत अजून दिसते.

आकार आणि पाया

जितके कोपरे, खाचे आणि बाहेर काढलेल्या खोल्या, तितकी थंडीला उघडी पडलेली भिंत जास्त आणि फटींना जागाही जास्त. एकाच क्षेत्रफळाच्या पसरट बंगल्यापेक्षा दुमजली चौकोनी घर कमी ऊब गमावतं. गॅरेजवर बेडरूम काढू नका. त्या खोलीची जमीन कायम गार राहते, आणि ती खोली नेमकी मुलांना दिली जाते. काढावीच लागली तर खालच्या छतात भरपूर रोधक, म्हणजे इन्सुलेशन, भरून हवेची फट एकही राहणार नाही असं पाहा.

जमीन गोठते, फुगते आणि पायाला वर ढकलते. म्हणून पाया गोठण्याच्या खोलीच्या खाली नेतात. टोरांटोच्या आसपास ही खोली १.२ मीटर धरतात, प्रेअरीत त्याहून बरीच जास्त. इतकं खणायचंच तर तळघर काढावं, हा इथला रिवाज तिथून आला. तळघराच्या भिंतींना वरपासून खालपर्यंत रोधक हवं आणि फरशीच्या काँक्रीटखालीही हवं. फरशीखालचं रोधक बरेच बिल्डर टाळतात आणि नंतर ते घालता येत नाही, म्हणून करारातच लिहून घ्या.

तळघराबरोबर रेडॉन येतो. हा जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू आहे. त्याला वास नाही, रंग नाही, आणि वर्षानुवर्षे श्वासात गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. प्रेअरीत त्याचं प्रमाण बऱ्याच घरांत जास्त सापडतं. कॅनडाच्या आरोग्य खात्याची मर्यादा घनमीटरला २०० बेकरेल आहे. फरशीखाली खडी, तिच्यावर सांधे चिकटवलेलं प्लास्टिक आणि बाहेर काढता येईल असा एक पाइप एवढं आधीच करून ठेवलं तर पुढे फक्त पंखा जोडावा लागतो.

यलोनाइफ, इनुविकसारख्या खऱ्या उत्तरेतल्या गावांचं गणित निराळं. तिथली बरीचशी जमीन बारमाही गोठलेली असते आणि घराच्या ऊबेने ती वितळली तर घर खचतं. म्हणून इनुविकमध्ये घरं खांबांवर, जमिनीपासून उचलून बांधतात आणि पाण्याचे नळही जमिनीवरून बंदिस्त पेट्यांतून नेतात. नोकरीनिमित्त तिकडे जाणाऱ्यांनी प्रेअरीचे नियम तिथे लावू नयेत.

भिंत

इथली नेहमीची भिंत दोन बाय सहा इंचांच्या लाकडी उभ्यांची असते आणि मध्ये तंतूंची गादी भरलेली असते. गादीवर आर-२० लिहिलेलं असतं. पण लाकूड स्वतः इंचाला जेमतेम आर-१.२५ देतं आणि दर सोळा इंचांवर एक उभा असतो, म्हणून पूर्ण भिंत प्रत्यक्षात आर-१६ च्या आसपास भरते. बिल्डरला नेहमी प्रत्यक्ष, म्हणजे ‘इफेक्टिव्ह’ आर-मूल्य विचारा.

सुधारण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, भिंतीच्या बाहेरून दोन ते चार इंच दगडी लोकरीचे किंवा थर्मोकोलसारख्या ईपीएसचे पत्रे लावणं. याने लाकडी उभे थंडीपासून झाकले जातात. दुसरा, रिजायनाच्या घरासारखी दुहेरी भिंत: दोन बारीक सांगाडे, मध्ये मोकळी जागा, एकूण बारा इंच जाडी आणि आत जुन्या कागदाच्या बारीक तुकड्यांपासून केलेलं सेल्युलोज ठासून भरलेलं. इंचाला साडेतीनच्या पुढे, म्हणजे आर-४० सहज होतं. मला ही दुसरी भिंत जास्त आवडते. सामान साधं, स्थानिक सुतारांना जमणारं, आणि खिडकीत जो खोल कट्टा मिळतो तिथे तुळस जगते, पोरं उन्हात बसून अभ्यास करतात.

छताला आर-६० पर्यंत जा. सगळ्यात स्वस्त रोधक तिथेच पडतं, कारण ते नुसतं ओतायचं असतं. छपराची कैची भिंतीपाशी उंच ठेवायला सांगा, नाहीतर कडेला रोधक दबून पातळ होतं. तिथून ऊब वर जाते, छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी पन्हळीपाशी येऊन पुन्हा गोठतं आणि मागचं पाणी कौलांखालून घरात उतरतं.

हवा अडवणं

रोधक आणि हवाबंदपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विणीचा जाड स्वेटर घालून वाऱ्यात उभं राहिलं तरी थंडी वाजते, वरून पातळ विंडचीटर चढवला की वाजत नाही. भिंतीचंही तसंच.

ऊब जाते हा फटींचा लहान तोटा. मोठा तोटा ओलाव्याचा. घरातली उबदार, दमट हवा फटीतून भिंतीत शिरते, बाहेरच्या गार फळीला लागते आणि तिथे तिचं पाणी किंवा हिम होतं. हिवाळाभर ते साठतं, वसंतात वितळतं, आणि लाकूड कुजायला लागतं. अखंड भिंतीतून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा एका छोट्या भोकातून हवेबरोबर जाणारी वाफ कितीतरी पट जास्त असते. म्हणून इथे भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूला प्लास्टिकचा पडदा लावतात आणि त्याचे सांधे चिकटवतात. मुंबईत एसीच्या खोलीत ओलावा बाहेरून आत येतो, इथे हिवाळ्यात आतून बाहेर जातो. भारतात घर बांधलेल्या आईवडिलांना किंवा काकांना सल्ला विचारताना हा फरक ध्यानात ठेवा.

दुहेरी भिंतीत हा पडदा अगदी आतल्या पृष्ठभागावर न लावता थोडा आत ढकलता येतो, म्हणजे विजेच्या तारा पडद्याला न भोसकता नेता येतात. प्रेअरीतला ढोबळ नियम असा की एकूण रोधकापैकी एक तृतीयांशाहून जास्त पडद्याच्या उबदार बाजूला असू नये. स्नानगृहासारख्या दमट खोल्यांत आणि फार उत्तरेला त्याहूनही कमी.

फटी कुठे असतात? जमिनीच्या आणि भिंतीच्या सांध्यात, विजेच्या पेट्यांमागे, छतातल्या खोलगट दिव्यांभोवती, पोटमाळ्याच्या झडपेला, धुराड्याच्या आणि नळांच्या भोकांत, गॅरेजला लागून असलेल्या भिंतीत. शेवटची फट जिवाशी येऊ शकते, कारण गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथूनच आत येतो. छतातले खोलगट दिवे दिसायला छान दिसतात, पण वरच्या मजल्यावर मी ते लावू देत नाही. प्रत्येक दिवा म्हणजे हवेच्या पडद्याला एक भोक.

हवाबंदपणा मोजता येतो. दारात पंखा बसवून घरात ५० पास्कल दाबाचा फरक करतात आणि तासाला किती वेळा घरातली हवा बदलते ते पाहतात. कॅनडाच्या ‘आर-२०००’ या ऊर्जाबचतीच्या मानकाची (याचा आर-मूल्याशी संबंध नाही) मर्यादा १.५ आहे, पॅसिव्ह हाउसची ०.६. जुन्या घरांत हाच आकडा सहा-सात किंवा त्याहून वर असतो. करारात १ किंवा १.५ लिहून घ्या आणि ही चाचणी दोनदा करा. पहिली भिंतींवर जिप्समचे पत्रे लागण्याआधी, कारण फटी बुजवता येतात त्या तेव्हाच.

खिडक्या

खोलीत २१ अंश असूनही खिडकीपाशी हुडहुडी भरते, कारण आपलं शरीर समोरच्या गार काचेकडे उष्णता फेकत असतं. बाहेर उणे ३० असताना साध्या दुहेरी काचेचा आतला पृष्ठभाग ४ अंशांच्या आसपास असतो. चांगल्या तिहेरी काचेचा १४-१५. खोलीतली आर्द्रता ४० टक्के असेल तर ७ अंशांवर दव धरतं. म्हणजे पहिल्या काचेवरून पाणी ओघळणार आणि चौकटीला बुरशी धरणार, दुसरी कोरडी राहणार.

तेव्हा तिहेरी काच, लो-ई लेप (काचेवरचा, उष्णता परतवणारा अगदी पातळ थर), मध्ये आर्गॉन वायू, काचांच्या कडेला धातूऐवजी उष्णता न वाहणारी पट्टी, आणि चौकट फायबरग्लासची किंवा चांगल्या व्हिनाइलची. लो-ई लेप एकाच प्रकारचा नसतो. दक्षिणेच्या खिडक्यांना ऊन आत येऊ देणारा, म्हणजे ज्याचा एसएचजीसी जास्त आहे असा लेप मागा, पश्चिमेला कमी असलेला. पुरवठादार सगळीकडे एकच काच देऊन मोकळे होतात, म्हणून मागणीपत्रावर खिडकीगणिक लिहा. वर-खाली किंवा बाजूला सरकणाऱ्या खिडक्यांपेक्षा बिजागरीवर उघडून रबरावर दाबून बसणाऱ्या खिडक्या कमी गळतात.

जाड पडदे रात्री बरे वाटतात, पण काचेला चिकटून लावले की काच आणखी गार पडते आणि पडद्यामागे दव साचतं. खाली थोडी मोकळी जागा सोडा.

ताजी हवा, फोडणी आणि दव

बाहेरची उणे २५ अंशांची हवा आत आणून २१ अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता दोन-तीन टक्क्यांवर येते. म्हणून गळक्या घरात जानेवारीत ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, हार्मोनियमचं लाकूड तडकतं. उलट हवाबंद घरात माणसांचा श्वास, अंघोळी, कुकरच्या शिट्ट्या आणि आत वाळत घातलेले कपडे यांचा ओलावा साठतो. दोन्हींवर उपाय एकच: हवा मोजून बदलायची.

हे काम एचआरव्ही नावाचं यंत्र करतं. स्नानगृहातली आणि स्वयंपाकघराजवळची वापरलेली हवा ते बाहेर टाकतं, बेडरूममध्ये ताजी हवा सोडतं, आणि जाता जाता जुन्या हवेतली साठ ते ऐंशी टक्के उष्णता नव्या हवेला देतं. ईआरव्ही हा त्याचा दुसरा प्रकार. तो थोडा ओलावाही परत देतो. घर मोठं आणि माणसं कमी असतील तर ईआरव्ही घ्या, नाहीतर हिवाळ्यात घर फार कोरडं पडतं. घर लहान, माणसं सहा-सात आणि रोज दोन वेळचा स्वयंपाक असेल तर एचआरव्ही. हवेचं प्रमाण ठरवताना मुख्य बेडरूमला आणि तळघराला सेकंदाला १० लिटर, बाकी खोल्यांना प्रत्येकी ५ लिटर धरतात. यंत्र बसवल्यावर हवेचा प्रवाह मोजून तोलून द्यायला सांगा. न तोललेलं यंत्र घरात दाब निर्माण करतं आणि दमट हवा भिंतीत ढकलतं.

हिवाळ्यात आर्द्रता ३० ते ४० टक्के ठेवावी. पारा उणे तीसला गेला की आणखी थोडी उतरवावी. स्वस्तातला आर्द्रतामापक दिवाणखान्यात आणि मुलांच्या खोलीत लावून ठेवा, महागड्या थर्मोस्टॅटपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. घरात गणपतीच्या आरतीला किंवा हळदीकुंकवाला वीस माणसं जमली की तासाला लिटरभर पाणी नुसतं श्वासा-घामातून हवेत जातं. हिवाळ्यात हळदीकुंकू असेल तर पाहुणे यायच्या आधीच एचआरव्ही वरच्या गतीवर टाका.

स्वयंपाकघराबद्दल जरा आग्रहाने सांगतो. इथल्या नव्या घरांत ओट्यावर बरेचदा मायक्रोवेव्हला जोडलेला छोटा पंखा असतो. त्यातले काही पंखे हवा नुसती जाळीतून फिरवून परत खोलीतच सोडतात. मिरचीच्या फोडणीला, पुऱ्यांच्या तेलाला, मासे तळायला हा पंखा पुरत नाही. शेगडीइतका रुंद, पुढच्या बर्नरपर्यंत येणारा आणि थेट घराबाहेर हवा टाकणारा हूड घ्या. पण हवाबंद घरातून इतकी हवा ओढली की तिच्या जागी हवा कुठूनतरी यायला हवी. घरात जुन्या पद्धतीचा, धुराड्यातून धूर सोडणारा गॅसचा बंब असेल तर तोच धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. म्हणून हूडबरोबर बाहेरची हवा तापवून आत आणणारी सोय करून घ्या, बंब आणि फर्नेस बंदिस्त ज्वलनाची घ्या, आणि बेडरूमच्या बाहेर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावा.

शेगडी इंडक्शनची घ्यावी असं मी म्हणेन. गॅसची ज्योत घरात वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड सोडते, आणि घर जितकं हवाबंद तितका त्याचा त्रास जास्त. फुलके तव्यावर कापडाने दाबून उत्तम फुगतात. जागा आणि पैसा असेल तर मागे छोटं, दार लावता येणारं ‘स्पाइस किचन’ काढा. त्याला स्वतःचा हूड हवाच, आणि तिथून फर्नेसकडे हवा परत नेणारी जाळी बसवू देऊ नका, नाहीतर बांगड्याचा वास सगळ्या बेडरूममध्ये फिरेल.

तापवण्याची यंत्रणा

ही सगळ्यात शेवटी निवडा. घर चांगलं बांधलं असेल तर लहान यंत्र पुरतं. कंत्राटदार सवयीने मोठी फर्नेस देतात. ती पाच मिनिटं जोरात चालते, बंद पडते, पुन्हा चालते, आणि खोल्या कधी तापलेल्या तर कधी गार. ‘एफ-२८०’ या कॅनडाच्या मानकाप्रमाणे खोलीगणिक उष्णतेचा हिशेब मागा. त्या हिशेबात विनिपेगसाठी उणे ३३ अंश धरतात, टोरांटोसाठी उणे १८ च्या आसपास. गॅसची फर्नेस घ्यायची तर कमी-जास्त आचेवर चालणारी घ्या. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारे, थंड हवेसाठीचे हीट पंप आता उणे २५ पर्यंत काम करतात, पण प्रेअरीत त्यांच्या जोडीला दुसरी सोय लागतेच. वीज गेली की फर्नेसचा पंखाही थांबतो. आर-४० च्या घरात तेव्हा बराच वेळ ऊब टिकते, गळक्या घरात काही तासांत नळ गोठायला लागतात.

आतली मांडणी

दारातून थेट दिवाणखान्यात उतरवू नका. दोन दारांमध्ये छोटी खोली ठेवा, म्हणजे बाहेरचं दार उघडलं तरी थंडीचा लोट आत येत नाही. चपला बाहेर काढायची आपली सवय इथे कामाला येते. बुटांसाठी पाणी धरणारा ट्रे, बसायला बाक, मुलांच्या उंचीला खुंट्या, आणि फरशीखाली तापणारी तार, एवढं केलं की ओले बूट सकाळपर्यंत वाळतात.

भारतातून आईवडील येऊन सहा महिने राहणार असतील तर त्यांची खोली तळघरात काढू नका. तळमजल्यावर, दक्षिणेला, शेजारी स्नानगृह असलेली खोली त्यांना द्या. बर्फात बाहेर पडता येत नाही तेव्हा खिडकीतलं ऊन आणि रस्त्यावरची हालचाल हाच त्यांचा दिवस असतो. तळघरात कोणी झोपणार असेल तर तिथली खिडकी आगीत बाहेर पडता येईल इतकी हवीच: उघडी जागा किमान ०.३५ चौरस मीटर, आणि कोणतीही बाजू ३८० मिलिमीटरपेक्षा कमी नको.

जिना, कपाटं, धुण्याची खोली, गॅरेज उत्तरेला आणि वायव्येला. बाहेरच्या भिंतीत एकही नळ नको. सिंक खिडकीखाली हवं असेल तर पाइप जमिनीतून वर आणा. संडासात जेट स्प्रे लावणार असाल तर त्याला गरम-गार मिसळणारी तोटी द्या, कारण हिवाळ्यात शहराचं पाणी जेमतेम चार-पाच अंशांचं असतं.

जुनं घर घेताना

पोटमाळ्यात करड्या-सोनेरी, चमकणाऱ्या दाण्यांचं रोधक दिसलं तर ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं आणि त्यात अॅसबेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याला हात न लावता आधी तपासून घ्या. सत्तरच्या दशकातल्या घरांत युरिया फॉर्मल्डिहाइडचा फेस भरलेला असू शकतो, १९८० मध्ये त्यावर बंदी आली. सुधारणेचा क्रम ठरलेला आहे: आधी पोटमाळ्याच्या फटी, मग पोटमाळ्याचं रोधक, मग तळघराच्या भिंती, मग खिडक्या. खिडक्यांचा खर्च सगळ्यात मोठा, म्हणून त्या शेवटी, आणि फर्नेस मरायला टेकली असेल तर ती बदलण्याआधी फटी बुजवा, म्हणजे लहान यंत्रावर भागतं.

साइटवर केव्हा जायचं

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी जा आणि फरशीखालचं रोधक, प्लास्टिक आणि रेडॉनचा पाइप यांचे फोटो काढा. सांगाडा उभा राहिल्यावर सज्ज्याची लांबी आणि खिडक्यांवरची लेबलं तपासा. जिप्समचे पत्रे लागण्याआधीची भेट सगळ्यात महत्त्वाची. तेव्हा टॉर्च घेऊन जा, गादीचे कोपरे भरलेत का, विजेच्या पेट्यांमागे पडदा चिकटवलाय का, हे एकेक पाहा, आणि हवाबंदपणाची पहिली चाचणी चालू असताना तिथेच उभे राहा. उणे अंशात बाहेर उभं राहायची गरज नाही, तळहात फिरवला की फट सापडते.

राहायला गेल्यावर पहिल्या मोठ्या थंडीत सकाळी सगळ्या खिडक्यांचे खालचे कोपरे, कपाटांच्या मागच्या भिंती आणि पोटमाळ्याची झडप बघा. कुठे हिम धरलं असेल तर फोटो काढून वॉरंटीच्या मुदतीत बिल्डरला कळवा. एचआरव्हीची जाळी दोन-तीन महिन्यांनी धुवा, आणि मोठ्या बर्फानंतर भिंतीबाहेरचं तिचं तोंड आणि फर्नेसचे पाइप मोकळे आहेत ना ते पाहा. रेडॉनचं मापनयंत्र नोव्हेंबरात, रोज वापर असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर लावा आणि निदान तीन महिने तिथेच राहू द्या. आकडा २०० च्या वर आला तर पाइपाला पंखा जोडून घ्या.